टाकीला लावलेले कान

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नट, बोल्ट, वायसर, कुठल्याशा कुलपाची चावी असं काय काय असतं. मुद्दाम कोणी जमवत नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत एकेक टाकलं जातं आणि एक दिवस झाकण बसत नाही. किस्स्यांचं तसंच होतं. बंडूभाऊ उमाटे आणि त्यांच्या काळ्या गाडीचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की आता झाकण बसत नाही. म्हणून थोडे तुमच्यापुढे ओततो.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं. आम्ही सगळे विदर्भातून नोकरीसाठी आलेले. बंडूभाऊ पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन. राऊत तिथेच क्रेनवर. घाटोळेसाहेब त्याच मिलचे इंजिनिअर, आमच्यातले एकमेव साहेब, म्हणून घरी फोन असलेलेही एकमेव! मी टाइम ऑफिसात कारकून. मिलमध्ये आवाज असा, की माणसाला विचारसुद्धा ओरडून करावा लागे. तिथे बोलणं सगळं हातांच्या खुणांनी. एक बोट म्हणजे उचल, तळहात म्हणजे हळू, डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे बंद कर.

माझं ऑफिस मिलपासून लांब होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

एकदा दुर्गला मोहन नगरमध्ये एका ओळखीच्यांकडे आम्ही भेटायला गेलो. त्यांचे वडील गेले होते. खोलीत अगदी शांतता. राऊत माझ्या कानाशी वाकला आणि त्याच्या मते हळूच विचारलं, "म्हातारबुवाचं वय काय होतं गा?"

मी उत्तर द्यायच्या आत समोरच्या घराच्या गच्चीवरून बाईचा आवाज आला, "बहत्तर!"

राऊत माझ्याकडे बघत राहिला. त्याला तेही ऐकू आलं नव्हतं.

*

आता गाडी. एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत जाताना ती विकून गेला होता. बोनेटवरची अक्षरं आधीच पडलेली, त्यामुळे मेक कोणता यावर दर रविवारी वाद व्हायचा. बंडूभाऊंचा सगळा जीव तिच्यात. इंजिन चालू करून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आयका! सतारीसारखं वाजून राहिलं ना?" आम्हाला ट्रॅक्टर ऐकू यायचा.

एका उन्हाळ्यात टाकी गंजली. रविवारी आम्ही ती उतरवली, आतून धुतली, पुन्हा चढवली. टाकीपासून इंजिनापर्यंत दोन नळ्या होत्या. एकीतून पेट्रोल इंजिनाकडे जातं आणि दुसरीतून इंजिनाला नको झालेलं पेट्रोल टाकीत परत येतं. आमच्याकडच्या मे महिन्यात इंजिनाजवळ पेट्रोल थांबलं तर उकळायला लागतं, म्हणून ते असं फिरतं ठेवायचं, असं घाटोळेसाहेब सांगायचे.

जुन्या नळ्यांत एक जाड होती, एक बारीक. दोन्ही सडल्या होत्या. दुर्गच्या दुकानात एकच माप मिळालं, म्हणून नव्या दोन्ही सारख्याच बसवल्या. टाकी खाली होती तेव्हा नळ्यांवर खूण करायचं कोणाला सुचलं नाही. वर चढवल्यावर सगळ्यांना एकदम सुचलं!

बोनेटपाशी दोन रबरी टोकं लोंबत होती. जाणारी कोणती, परतीची कोणती?

साहेबांनी उपाय काढला. जाणारी नळी टाकीच्या तळापर्यंत बुडालेली असते, परतीची वरच संपते. टाकीत थोडं पेट्रोल ओतायचं आणि पुढून फुंकायचं. ज्या नळीतून फुंकल्यावर टाकीत बुडबुडे वाजतील, ती जाणारी. झालं!

"फुंकाले कोण?" राऊतने विचारलं.

"कारकून!" बंडूभाऊ म्हणाले. "दिवसभर पंख्याखाली बसते, दम शिल्लक असन त्याच्यात."

मी पुढे तोंडात नळी धरून बसलो. मागे टाकीच्या तोंडाशी तिघं डोकी एकमेकांना चिकटवून. मी पहिली नळी फुंकली. थोडा वेळ काहीच नाही.

मग बंडूभाऊ ओरडले, "हाव! बोलली!"

"साफ बोलली," राऊत म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. दुसरी नळी फुंकून बघायची कोणाला गरज वाटली नाही. मला तर मुळीच नाही, तोंडात पेट्रोलची चव आली होती. ती पुढे कितीतरी दिवस चहालाही येत राहिली.

*

त्या दिवसापासून गाडीला एक विचित्र सवय लागली. जाताना मजेत जायची, येताना रस्त्यात बसायची!

नंदिनी नगरला बंडूभाऊंच्या साडूकडे जेवायला गेलो, परतताना माळावर बंद. टाकीत डोकावलं तर अर्धी भरलेली. कॅनमधलं पेट्रोल ओतलं की लगेच चालू. भिलाई-तीन वसाहतीत गेलो, तेच. शेवटी बंडूभाऊ टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय गाडी बाहेर काढेनात.

शालूवहिनी, म्हणजे बंडूभाऊंची बायको, मागच्या सीटवरून म्हणाल्या, "वरपक्षाचा पाहुणा बसवला आहे का इंजिनात? पोट फुटेस्तोर भरल्याबिगर उठतच नाही!"

बंडूभाऊ काही बोलले नाहीत. त्या मागे बसल्या होत्या ना.

*

दवाखान्यातला किस्सा मला राऊतने सांगितला. वर्षाला एकदा मिलवाल्यांचे कान तपासायचे. कानाला हेडफोन लावायचा, 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. बंडूभाऊ दरवर्षी फर्स्टक्लास पास! डॉक्टरीणबाई समोर बसायच्या. आवाज सोडताना त्यांच्या भुवया जराशा उचलल्या जायच्या. बंडूभाऊ भुवया बघून बटण दाबायचे.

नापास झाले असते तर मिलमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं असतं. "तिथं काय करू मी?" ते राऊतला म्हणाले होते. "खुर्चीवर बसून खिळे मोजू?"

हे ऐकून मी खूप हसलो होतो. नंतर आठवलं तेव्हा इतकं हसू आलं नाही.

*

बंडूभाऊंना एकच मुलगी, मीना. तिने अमरावतीचा मुलगा स्वतः पसंत केला. बंडूभाऊ आठवडाभर गप्प होते, मग हो म्हणाले आणि लग्न झोकात लावून दिलं. तिच्या पाठवणीला त्यांनी काळी गाडी स्वतः झेंडूच्या माळांनी सजवली होती.

दर रविवारी सकाळी घाटोळेसाहेबांकडे मीनाचा फोन यायचा. आमचा अड्डा तिथेच असायचा. फोन वाजला की बंडूभाऊ उठून अंगणात जायचे, गाडीचं बोनेट उघडून उभे राहायचे. बोलायच्या शालूवहिनी एकट्याच.

"बाबा कुठे आहेत?"

"गाडीत घुसले आहेत वं. तुले आशीर्वाद सांगतला."

वर्ष झालं, तरी बाप एकदाही फोनवर आला नाही. एकदा वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोट्टी रडून राहिली होती. म्हणते, बाबांनी लग्न लावलं, पण मनातून मले माफ नाही केलं."

"मग खरं काय ते सांगा ना तिला!"

"शपथ घातली आहे न भाऊ त्यांनं," वहिनी म्हणाल्या आणि चहाला उठल्या. शपथ कशाची ते मी विचारलं नाही.

*

दिवाळीला मीना आली. घाईत टाकी भरायची राहिली होती, आणि तिला दुर्ग स्टेशनवरून आणताना गाडी पुन्हा बसली, टाकी अर्धी असताना. संध्याकाळी घाटोळेसाहेब बराच वेळ टाकीकडे बघत उभे होते.

"अर्धी झाली की बंद," ते म्हणाले. "म्हणजे वरूनच पेट्रोल ओढून राहिली. नळ्या उलट्या लागल्या आपल्या!"

"कावून लागतीन? आपण तं बुडबुडे आयकले होते!" राऊत म्हणाला.

"हाव, आयकले होते," बंडूभाऊ म्हणाले.

कोणी कोणाकडे बघेना. मला त्या वेळी हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा परीक्षा. मी फुंकायला साफ नकार दिला. बंडूभाऊ स्वतः पुढे बसले. मागे टाकीशी मीना आणि मी.

त्यांनी पहिली नळी फुंकली. नुसती हवा. दुसरी फुंकली आणि टाकीत खिचडी रटरटावी तसा आवाज सुरू झाला.

"बाबा, हीच!" मीना म्हणाली.

बंडूभाऊ फुंकतच होते.

"बाबा, बस! हो गया!" ती ओरडली.

गाल फुगलेले, कपाळाची शीर टरारलेली, ते फुंकतच होते. मीनाने माझ्याकडे बघितलं.

"काका, किती मोठा आवाज आहे हा... बाबांना मागच्या वेळी..." ती थांबली. चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारात आल्या होत्या. मीना त्यांच्याकडे वळली. "आई! म्हणजे फोनवर पण?"

"मी काही सांगतलं नाही हं," वहिनी म्हणाल्या. "तुले तुझंच समजलं." त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

मीना चालत गाडीच्या पुढे गेली, बापासमोर उभी राहिली आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. लहानपणी बंडूभाऊंनीच ही खूण तिला शिकवली होती.

ते लगेच थांबले. तोंडातली नळी काढून म्हणाले, "मंग, बोलली का?"

तिने मान डोलावली.

नळ्यांची अदलाबदल झाली. त्या दिवशी गाडी नंदिनी नगरला गेली आणि परतही आली, टाकीत जेमतेम तळ ओला असताना. बंडूभाऊंनी मात्र श्रेय पेट्रोलला दिलं. पंपवाल्याने माल बदलला, म्हणाले!

*

भाऊबीज झाल्यावर मीना परत निघाली. दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून बापाशी हातवारे करत होती आणि बंडूभाऊ माना डोलावत होते. काय ठरत होतं ते आम्हाला कळलं नाही.

त्यापुढचा रविवार. साहेबांकडे आम्ही सगळे बसलेलो. फोन वाजला. वहिनी उठायला लागल्या, तर बंडूभाऊंनी त्यांना हातानेच बसवलं. स्वतः गेले, रिसीव्हर कानाला लावला. आम्ही चहाचे कप हातात धरून बघत राहिलो.

"मीने!" ते ओरडले. "पोचली का चांगली?"

मी शेजारीच होतो. रिसीव्हरमधून मला ऐकू आलं, 'फू!' इतक्या जोरात, की तो त्यांच्या कानाशी थरारला.

बंडूभाऊ आमच्याकडे वळले. "पोचली म्हणते!"

"जावईबुवा बरे आहेत का?"

'फू!'

"बरे आहेत म्हणते! मीने, थंडी पडली का तिकडे?"

'फू! फू!'

"नाही म्हणते."

मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि अगदी हळू आवाजात, म्हणजे सगळी कॉलनी ऐकेल अशा बेताने विचारलं, "मी रागावलो असं वाटे तुले. आता बी वाटते का?"

खोलीत कोणी कप खाली ठेवला नाही.

'फू,' आलं. मग जरा वेळाने, ओलसर, तुटक, दुसरी 'फू'.

बंडूभाऊ तसेच उभे राहिले. मग वळून त्यांनी रिसीव्हर वहिनींपुढे धरला.

"घे, तुले काही विचाराचं असन तं विचार. मले तं सगळं ऐकू आलं."