सकाळी आठचा आवाज

उन्हात कुजलेल्या खरबुजाच्या सालींचा वास आला, की दुष्काळातली शहागंजमागची ती गल्ली आठवते. तेव्हा मी रेडिओवर काम करायचे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, हे सांगायला आम्ही त्याच गल्लीतल्या एका सुनेचा आवाज रेकॉर्ड केला होता. "बायांनो, बादल्या काढा, गाडी आली!" असं ती हसत म्हणायची. रोज सकाळी आठला ते लागायचं. दोन महिन्यांनी नव्या रेकॉर्डिंगसाठी मी तिच्या घरी गेले, तर उंबऱ्यावर तिची सासू बसलेली. "ती कुठंय?" मी विचारलं. "टँकरच्या रांगेत ऊन लागलं. सव्वा महिना झाला जाऊन." मी म्हणाले, "मावशी, आम्हाला कळलंच नाही. उद्यापासून बंद करते." तिनं माझा हात घट्ट धरला. "नको गं बाई. लेकरू त्याच्यावरच उठतंय." तेवढ्यात आठ वाजले. घराघरांतून तोच हसरा आवाज आला. दारं उघडली आणि बायांनी बादल्या बाहेर ठेवल्या. आतून चार वर्षांची मुलगी ओल्या कचऱ्याची बादली ओढत आली आणि गल्लीच्या रिकाम्या टोकाकडं बघत म्हणाली, "व्हय आई, आणली." मी ते बंद केलं नाही. पुढं कार्यक्रमच बदलला आणि तो आवाज थांबला. त्या सकाळी गल्लीत एकही बादली बाहेर आली नाही, असं घंटागाडीवाल्यानं सांगितलं. त्या मुलीनं काय केलं, हे विचारायची हिंमत माझी अजून झालेली नाही.