दोन्हीकडे जाणारा आवाज

संघपाल गप्प बसला की त्याच्या बायकोला, मंदाबाईला वाटायचं, याला बरं नाही. जळगावच्या घरात तो कुकरचंही धावतं वर्णन करायचा. "वाफ आतून धडका देतेय, झाकण दाद देत नाही..."

"सामना संपला असेल तर गॅस बंद करा," ती म्हणायची.

धुळ्याला कॉलेजात असताना गर्दीत मागे अडकलेल्यांना तो पुढचा खेळ ओरडून सांगायचा. तिथूनच रेडिओवर बोलावणं आलं. कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, सगळं त्याने बोलून दाखवलं. मग लोक मोबाइलवर सामने बघू लागले, रेडिओवरचे बंद झाले. संघपाल केळीचे भाव वाचू लागला. वाचताना टेबलाखाली पाय हलत राहायचा.

यंदा केंद्रावरच्या प्राची मॅडमनी भडगावच्या कबड्डीचा अंतिम सामना थेट द्यायचं ठरवलं. "काका, हा जमला तर पुढचे करू. नाही जमला तर विषय कायमचा संपला."

भडगावला माइक एकच होता. मैदानातले कर्णे आणि रेडिओ, दोन्हींच्या वायरी त्यालाच जोडलेल्या. मैदानही ऐकेल म्हणून संघपाल उलट खूश झाला.

उत्तरार्धात भडगाव आणि चोपड्याची बरोबरी होती. चोपड्याचा तेजस चढाईला आला. भडगावचा पुना त्याच्या पाठीमागून हळूच सरकला आणि संघपाल बोलून गेला, "पुना मागून येतोय, तेजसला पत्ताच नाही!"

कर्ण्यांतून ते मैदानभर घुमलं. तेजस गर्रकन वळला, पुनाला शिवला आणि मध्यरेषेपलीकडे पोचला.

भडगावकर उसळले. "ओ भाऊ, तू आमना शे का त्यासना?"

"बठ्ठं सांगी टाकं ना भो!" सगळंच फोडलं म्हणून दुसरा ओरडला.

"जर्सी द्या रे त्याला चोपड्याची!"

पंच रुपचंद सर टेबलाशी आले. "चढाई चालू असताना तोंड बंद ठेवायचं."

चढाई चालू असतानाच तर बोलायचं असतं. संघपालने ओठ मिटले. हेडफोनमध्ये प्राची मॅडम, "काका, आवाज गेला का? हॅलो?"

तो कर्णेवाल्या प्रेमराजकडे वळला. "कर्ण्यांची वायर काढ."

"आणि भाईदास आबा आले म्हणजे?"

आबा स्पर्धेचे अध्यक्ष. त्यांची गाडी फाटकाशी आली की खेळ चालू असला तरी कर्ण्यावरून नाव पुकारून स्वागत व्हायचंच.

"मी उठून हात जोडेन."

"हातांनी भागत नाही, भाऊ. पुढच्या वर्षी इथे उभं करणार नाहीत तुला."

संघपालने वायर स्वतःच उपटली आणि बोलू लागला. मैदानाला आता त्याचे फक्त ओठ दिसत होते. थोड्या वेळाने आबा आले, नाव ऐकू येईल म्हणून फाटकात थांबले, मग स्वतःच चालत खुर्चीपर्यंत गेले. संघपाल उठला, माइक हनुवटीखाली धरून हात जोडले, पण चढाईचं वर्णन सोडलं नाही.

चोपडा एका गुणाने जिंकला. भडगावात संघपालला कोणी चहा विचारला नाही.

एसटी स्टँडवर फोन आला. "काका, झकास झालं! रविवारी चोपड्याला जायचंय. तिथले लोक तुम्हाला हार घालणार आहेत म्हणे, सामना जिंकून दिलात म्हणून."

"हार नको, मॅडम. मी कोणाच्या बाजूने बोललो नाही, सांगा त्यांना."

"सांगितलं. हसतात."

"पुन्हा सांगा," संघपाल म्हणाला, आणि बस लागली तरी फलाटावर येरझाऱ्या घालत राहिला.