बुढच्या साली बक्का

"बुढच्या साली बक्का!" असं म्हणून आमचा चाऊस उजवा पंजा छातीवर थापायचा. त्याला 'प' म्हणता येत नसे. अरबांच्या बोलीत ते अक्षरच नसतं म्हणतात. उभी हयात उमरग्यात काढली, तरी पाण्याला तो बानी म्हणे आणि पोत्याला बोतं. आमच्या मामंजींना सारा गाव आप्पा म्हणायचा, हा म्हणायचा आब्बा. दोघं एका वयाचे. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "ह्यास्नी एवढं म्हातारं लेकरू कधी झालं?"

पुढच्या साली पक्कं काय होतं, तर त्याचं घरी जाणं. घर म्हणजे अरबस्तानात, हदरमौत नावाच्या मुलखात.

तुमच्यापैकी जे मराठवाड्यातले जुने लोक आहेत त्यांनी असे चाऊस पाहिले असतील. निजामाच्या राज्यात सावकाराच्या दारात, तहसिलीच्या खजिन्यावर, आडत दुकानाच्या ओट्यावर पहाऱ्याला अरब असायचे. चौकड्याची लुंगी, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्यात वाकडा जंबिया आणि मांडीवर आडवी बंदूक. त्या सगळ्यांना लोक चाऊसच म्हणत. आमच्या आडत दुकानावरच्या चाऊसलाही आईबापांनी काही नाव ठेवलं असेलच. ते कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

मी लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. माझं माहेर कल्याणीच्या बाजूला, कानडी बोलणारं. मराठी मला समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची. त्या घरात मोडकी मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि तो. म्हणून आमचं बरं जमलं. एकदा मी आडावर रडत बसलेली त्यानं पाहिली.

"क्या हुआ, सूनबाई?"

"गावाची आठवण येते."

"गाव किधर?"

"कल्याणीकडं."

तो मोठ्यानं हसला. "बैलगाडी जाती ना उधर? फिर रोती कायकू? रोना तो मेरेकू आना. बीच में समुंदर है." मग लुंगीच्या टोकानं कपाळ पुसून म्हणाला, "बर मैं जातूं. बुढच्या साली बक्का."

दरवर्षी सुगी सरली की त्याचा एक कार्यक्रम असे. पत्र्याची पेटी अंगणात आणून तिच्यातले कपडे उन्हात टाकायचा. पेटीला तेल लावायचा. मग घरोघर जाऊन हात जोडायचा. "कहा-सुना माफ करो. मैं जातूं." सुरुवातीला लोकांनी त्याला जेवायला बोलावलं, नारळ दिले, गळ्यात पडले. पेटी पुन्हा आत जायची आणि चाऊस ओट्यावरच असायचा. एका साली पाय दुखायचा, एका साली मामंजींना हिवताप असायचा, एका साली म्हणे जहाज चांगलं नव्हतं. मी आले तोवर लोक त्याला बघून आधीच म्हणत, "केलं माफ, चाऊस. या आता."

तो गेला नाही ह्याचं एक कारण घरातच होतं. त्याची बायको रसूलबी येरमाळ्याची, मनेराची लेक. डोक्यावर टोपली घेऊन गावभर बांगड्या भरत फिरायची. येडेश्वरीच्या जत्रेत तिच्या बापाचं दुकान लागायचं, आणि तिथल्या निम्म्या बायकांच्या हाताचं माप तिला तोंडपाठ होतं. बोलणं सगळं मराठी, आणि तेही खणखणीत. दोघांना मूलबाळ नव्हतं.

"जायचं तर जावा," ती नवऱ्याला चारचौघांत सांगायची. "म्या येरमाळ्याची. मला तुमच्या वाळूत काय करायचंय? तिथल्या बाया तरी बांगड्या भरत्यात का?"

"भरती. चांदी की."

"मग माझ्या काचेच्या कोण भरंल? न्हाई म्हंजी न्हाई."

तो माझ्याकडं बघून डोळे मिचकवायचा. पण रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तो मुलूखच. विचारलं की सांगत बसायचा. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधून खोरं. मातीची घरं, पण माडीवर माडी चढवलेली, आणि वरच्या मजल्याला चुना. पाऊस आलाच तर एकदम लोंढा येतो आणि मग सालभर काही नाही. बोरीच्या फुलांचा मध असा की आजारी माणूस उठून बसतो. आमच्या बांधावर बोरी फुलल्या की तो फांदी नाकाशी धरून उभा राहायचा. तिकडं मोठा भाऊ होता, खजुराची झाडं तो सांभाळायचा. "मैं निकला तब वो बोला, तू आ, तब तक तेरे झाड को मैं बानी देता."

माझ्या पहिल्या वेळी मला अन्नाचा वास सहन होत नव्हता. चाऊस कॉफीच्या बियांची वाळली सालं हैदराबादहून मागवायचा आणि सुंठ घालून उकळून प्यायचा. त्याच्या भांड्यातलं आमच्या घरात चाललं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सालं आणि सुंठ पुडीत बांधून ओट्याच्या कडेला ठेवली आणि सासूबाईंना म्हणाला, "तुमारे चुल्हेबर उकालो." सासूबाईंनी नाक मुरडलं, पण उकळली. तो काढा माझ्या पोटात टिकला. पुढं सासूबाईच दुपारी विचारू लागल्या, "चाऊस, ती तुमची टरफलं हायती का जरा?"

युद्धामुळं जहाजं बंद झाली तेव्हा चाऊस उलट खुशीत होता. आता न जाण्याला खरंखुरं कारण मिळालं होतं. "मैं तो जाताच था," तो सगळ्यांना सांगे, "ये जर्मन बीच में आया."

त्याच सुमारास हैदराबादहून त्याच्या मुलखाचा एक माणूस आला. दोघं ओट्यावर अरबीत बोलत बसले. तो गेल्यावर चाऊस तिथंच बसून राहिला. पाणी नेलं तर घेतलं नाही. रसूलबीनं मागाहून आम्हांला सांगितलं. तिकडं मोठा दुष्काळ पडला होता. लढाईमुळं परदेशातून येणारी मदत बंद झाली होती, पाऊस नव्हता, माणसं मेली. भाऊही त्यातच गेला. ते होऊन साल उलटलं होतं, आणि हा इथं रोज त्याच्याविषयी बोलत होता.

बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी बोलला. "सूनबाई, अब उधर मेरेकू 'तू' बोलनेवाला कोई नै रह्या."

त्या साली सुगी झाली, पण पेटी अंगणात आली नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सासूबाईंनी न राहवून विचारलं, "चाऊस, औंदा जायचं न्हाई का?"

"किसकू मिलने?" तो म्हणाला.

पुढं राज्यात गडबड सुरू झाली. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना जमलं ते व्यापारी सोलापूरकडं, इंग्रजांच्या अमलातून नुकत्याच सुटलेल्या भागात निघून गेले. आम्हीही गेलो. दुकानावर चाऊस राहिला. मामंजी त्याला म्हणाले, "जिवावर बेतलं तर सोडून द्या. तुरी परत पिकत्यात." त्यानं ऐकून घेतलं.

टोळी आली ती दिवसाढवळ्या. हे मला समोरच्या लोहारानं सांगितलं. त्यातला एकजण चाऊसला म्हणाला, तू आमचाच भाऊ आहेस, किल्ली दे. चाऊस जागचा हलला नाही. म्हणाला, "चाबी आब्बा के बास. आब्बा सोलाबूर में. जाओ, मांगो." बंदूक मांडीवरच होती, पण बोट घोड्यावर होतं. त्यांनी ओट्यावरची पोती तेवढी उचलली आणि गेले. आम्ही परत आल्यावर तो मामंजींना आधी त्या पोत्यांचं सांगू लागला, खाली बघून. दुकान वाचलं ह्याचं त्याच्या तोंडून अवाक्षर नाही.

मग हिंदुस्थानचं लष्कर सोलापूरच्या सडकेनं आलं आणि निजामाचा अंमल संपला. गावात आनंद झाला. आम्हांलाही झाला. पण त्याबरोबर हिशेब मागणारी माणसंही बाहेर पडली, आणि परका दिसेल तो त्यांना एकसारखाच वाटे. हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. चाऊस बंदूक आणि जंबिया कचेरीत देऊन आला. त्यानंतर त्याचा हात सारखा कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा.

मामंजींनी त्याला आणि रसूलबीला आमच्या मागच्या कोठीत आणून ठेवलं आणि स्वतः दुकानाच्या दारात जाऊन बसले. सत्तरीकडं झुकलेला माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात नुसती काठी. कुणी आलं की विचारायचे, "काय काम हाय?" मामंजींना गाव मानायचा. आलेला माणूस पाणी पिऊन परत जायचा.

कोठीच्या दारातून चाऊसला ते दिसत होतं. काही दिवसांनी तो बाहेर आला आणि मामंजींच्या समोर उकिडवा बसला. मी पडवीत तूर निवडत होते.

"आब्बा, मैं दरवाजेबर और तुम अंदर, वो ठीक था. अब तुम दरवाजेबर और मैं अंदर. ये नै जमता."

"चार रोजांचा सवाल हाय. निवळंल सगळं."

"निवळेगा. बर मैं कौन रहूंगा?"

मामंजींनी काठी भिंतीला टेकवली. "म्हातारा," ते म्हणाले. "माझ्यासारखा. बसू की दोघं वट्यावर, काय राखायचं न्हाई अन् काय न्हाई."

चाऊस हसला. मामंजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमारा घर है, आब्बा. तुम बैठो."

सरकारनं ठरवलं होतं की परमुलखातून आलेल्या अरबांना मुंबईहून जहाजात बसवून त्यांच्या देशात सोडायचं. आमच्या भागातले कचेरीपाशी गोळा केले होते. मामंजी चाऊसबरोबर गेले. अधिकाऱ्याला म्हणाले, "हा आमचा माणूस हाय. मी जामीन ऱ्हातो." अधिकारी भला होता. त्यानं चाऊसला विचारलं, इथं बायको आहे, शेटजी जामीन आहेत, राहायचं आहे का? चाऊस म्हणाला, "जाना है." मामंजी एकटे घरी आले, पगडी खुंटीला अडकवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कोठीत रसूलबी होती. तिला मीच सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यानी सोता म्हटलं? कुणी म्हणायला लावलं न्हाई?"

"न्हाई. स्वतः."

"बरं." ती भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढं चाऊसची काही खबर आली नाही. जहाज कधी सुटलं, कुठं लागलं, घर उभं होतं की पडलं, कळायला मार्ग नव्हता. मामंजींनी ओट्यावर दुसरा पहारेकरी ठेवला नाही. संध्याकाळी ते स्वतःच तिथं बसत, एका कडेला. मला ठाऊक असलेलं शेवटचं ते अरबांना घेऊन ट्रक निघाला त्या सकाळचं.

सासूबाई आणि मी कचेरीपाशी गेलो होतो. सासूबाई देवळाशिवाय कुठं जात नसत, त्या दिवशी आपण होऊन पायांत वहाणा घातल्या. ट्रकमध्ये दहा-बारा अरब होते. काही तरणे, काही चाऊससारखे. तो मागच्या फळीशी बाकावर होता, पेटी पायांशी. मामंजी खाली उभे राहून त्याच्याशी सोलापूरच्या गाडीचं काही बोलत होते. दोघांनाही त्या गाडीचं फारसं घेणंदेणं नव्हतं.

तेवढ्यात रसूलबी आली. काखेत गाठोडं, कपाळावर घाम. सकाळी ती कोठीत नव्हती, तेव्हा ती येरमाळ्याला गेली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती आपल्या घराला कुलूप घालून, शेळी शेजारणीच्या दावणीला बांधून आली होती. शिपायानं तिला अडवलं.

"त्याची बायको हाय," मामंजी म्हणाले.

अधिकाऱ्यानं तिला विचारलं, तुझं माहेर इथलं, तुला जायलाच पाहिजे असं नाही, ठाऊक आहे ना?

"ठावं हाय," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिचा दंड धरला. "अगं, तूच तर न्हाई म्हणत हुतीस!"

"म्हणत हुते. त्याचा भाऊ हुता तवर म्हणत हुते, आत्या." तिनं लुगड्याचा काचा घट्ट खोचला. "आता तिथं त्याला कोण वळखतंय? इथनं एक तरी माणूस जाया पायजे, वळखीचं."

मामंजींनी हात दिला आणि ती फळीवर चढली. चाऊस तिच्याकडं बघतच राहिला.

"तू कायकू आयी?"

"आले."

"उधर तेरा कोई नै."

"तुमचं तरी कोण हाय? सरका तिकडं. उभी किती वेळ ऱ्हाऊ?"

चाऊस सरकला. गाठोडं मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारी बसली. ट्रक सोलापूरच्या वाटेला लागला तेव्हा ती त्याला काहीतरी रागं भरत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता.