आधी आय दाखवा

पुनम माझ्या लक्षात पहिल्यांदा आली ती हातात साप घेऊन. भूकंपाला चार महिने झाले होते. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती आणि मुलं पोत्यांवर बसत होती. एका दुपारी एक पोतं ओढलं तर खालून मातकट रंगाचा, आखूड शेपटीचा साप निघाला. सगळा वर्ग बाहेर पळाला, मीही पळाले. कोणीतरी काठी आणायला धावलं, तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, मारू देऊ नका. दुतोंड्या हाय. लई गरीब असतंय."

चौथीतली पुनम दोन्ही हातांत तो साप धरून उभी होती. तिने तो शेताच्या बांधापर्यंत नेऊन सोडला, हात धुतले आणि जागेवर येऊन बसली.

"गरीब आहे हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"हात जवळ नेला. आंगावर आलं न्हाई, आन् निपचितबी पडलं न्हाई. बोटांमधी शिराया लागलं. मंजी चांगलं हाय."

भूकंपात तिची आई गेली होती. राहिले होते ती आणि तिचे वडील ग्यानोबा. ग्यानोबांची जमीन थोडी, पण जनावराची पारख मोठी. देवणी जातीचा गोऱ्हा घ्यायचा असला की लोक त्यांना घरून हाळीच्या गुरांच्या बाजाराला घेऊन जात. ग्यानोबा गोऱ्ह्याकडे आधी बघतच नसत. मान वाकडी करून विकणाऱ्याला म्हणत, "आधी आय दाखवा." वासरू आज दिसतं तेवढंच दिसतं, उद्याचं माप आणि उद्याचा स्वभाव आईच्या अंगावर असतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत: घरातल्या बाईला एकटीला सोडता-बांधता येईल एवढंच जनावर दावणीला असावं. पुनम त्यांच्या मागे मागे बाजारात फिरायची आणि सोमवारी शाळेत येऊन मला सगळं सांगायची.

ती एकोणीस वर्षांची असताना साखरेच्या आजाराने ग्यानोबांची नजर गेली. त्याच हंगामात देवणी गावचे धोंडप्पा गोऱ्हा घ्यायला निघाले. ग्यानोबा म्हणाले, "पुनमला न्या." बाजारात एक गोऱ्हा तिच्या मनात भरला. कातडी तुकतुकीत, वशिंड छान, आणि स्वभाव इतका शांत, की कान धरला तरी हलेना. विकणारा घाई करत होता. गाय गावाकडे राहिली म्हणाला. पुनमने आई बघितली नाही.

गोऱ्हा आठ दिवसांत मेला. तो शांत नव्हता, आजारी होता. धोंडप्पा भर बाजारात म्हणाले, "ग्यानोबाची नजर ग्यानोबापाशीच राहिली. पोरीला जनावर कळत न्हाई."

त्यानंतर पुनमला कोणी बाजाराला नेलं नाही. वर्षभराने ग्यानोबा, तिचे अण्णा, गेले. ती मला एकदाच म्हणाली, "बाई, लोक मला काई म्हणू द्या. पण अण्णाचं नाव माझ्या हातून गेलं."

पुढे ती लातूरला आली. तोवर लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या लागल्या होत्या. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं जिल्ह्याजिल्ह्यांतून बॅगा घेऊन उतरत होती. निवृत्तीनंतर मीही लातुरातच राहायला आले होते. वसंतराव सरांच्या क्लासमध्ये जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिथे मदतनीस हवी होती. मी पुनमचं नाव सांगितलं. बरण्या पुसणं, सूक्ष्मदर्शक लावणं, बेडकाचा सांगाडा फळ्यापाशी नेणं ही तिची कामं. शहराच्या कडेला शेतात नवी वसतिगृहं उठली आणि मुलींच्या खोल्यांत साप निघू लागले, तेव्हा ते धरायचं कामही तिच्याकडे आलं. मुली फोन करत, "पुनमताई, लवकर या." ती जायची, साप बरणीत घालून माळावर सोडायची. पण साप कुठला, स्वभाव कसा, असं कोणी विचारलं की म्हणायची, "ते मला कळत न्हाई. मला फक्त धरता येतंय."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकलं.

वसंतरावांची मुलगी मालविका. तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा सरांनी तिला हवं ते माग म्हणून सांगितलं. तिने साप मागितला. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, म्हणून परदेशी बोआ. बिनविषारी, वीस-पंचवीस वर्षं जगणारा. नांदेडला श्रीनाथ नावाचा एक इंजिनियर घरी असे साप वाढवत असे. सरांनी पुनमला सोबत घेतलं. माझी मुलगी नांदेडला असते, गाडीत जागा होती, म्हणून मीही बसले.

श्रीनाथच्या माडीवर काचेच्या पेट्यांची रांग होती. त्याने पहिली पेटी उघडली. आत हातभर लांबीचं पिल्लू, शेपटी विटकरी लाल, अंगावर रेखीव पट्टे. मालविकाने बोट लावलं तरी ते हललं नाही.

"किती शांत आहे बघा," वसंतराव म्हणाले. "अगदी गाय. हाच घेऊन टाकू."

पुनम पेटीपाशी वाकून बघत राहिली. मग तिने विचारलं, "ह्याची आय कुठं हाय?"

श्रीनाथ हसला. "ताई, सापाची आई कोण बघतं? सोयरीक जुळवायचीय का?"

"मी बघते की."

"हे बाहेरून आणलंय. आई नाही माझ्याकडे. मोठं झालं की आठ-नऊ फूट होईल, एवढं सांगतो."

"पुनम," वसंतराव जरा चिडून म्हणाले, "तुला साप धरायला आणलंय, निवडायला नाही."

मी पुनमकडे बघत होते. तिला गप्प बसणं सोपं होतं, नोकरी सरांच्याच हाताखाली होती. शिवाय तिचं बोलणं पुन्हा चुकलं असतं, तर ग्यानोबांच्या नावावर दुसरा डाग पडला असता. तिने पदर खोचला आणि पिल्लू उचललं. ते तिच्या बोटांवरून ओल्या दोरीसारखं लोंबत राहिलं. कुठेच धरलं नाही, जीभ बाहेर आली नाही.

"सर, हे गरीब न्हाई. आजारी हाय. मी एकदा असंच गरीब म्हणून घेतलं होतं." मग ती श्रीनाथकडे वळली. "ज्याची आय घरात हाय, ते दाखवा."

श्रीनाथ आता हसला नाही. त्याने शेवटची मोठी पेटी उघडली. आत एक पूर्ण वाढलेली मादी होती, साडेचार फुटांची. बोआत ही जात लहानच राहते आणि नर त्याहूनही लहान, असं त्याने सांगितलं. बोआ अंडी घालत नाही, पिलंच देतो, हेही पुनमला तेव्हाच कळलं. "मंजी गाईवानीच," ती म्हणाली आणि तिने हात आत घातला. मादीने दोनदा जीभ काढली, सावकाश तिच्या मनगटाला वळसा घातला आणि धरून राहिली. पुनमने तिला थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"आता हिचं लेकरू."

शेजारच्या पेटीतलं नर पिल्लू झाकण उघडताच फुसकारलं. वसंतराव मागे सरकले. "अगं, हा चावेल!"

"लहान हाय, भ्यालंय. भेव निघून जातंय, सर." तिने हात खाली, कडेने नेला. पिल्लू पुन्हा फुसकारलं, मग जीभ काढली, मग तिच्या करंगळीला घट्ट विळखा घातला. "खातंय का नीट?"

श्रीनाथने वही काढून दाखवली. दर आठवड्याला एक उंदीर, एकही चुकलेला नाही.

पुनम मालविकाला म्हणाली, "बाळा, तू उदगीरला राहणार, हे सुट्टीला घरी येणार. घरात तुझी आजी हाय. नऊ फुटाचं जनावर पेटीतून निघालं तर कोण उचलंल? तुला एकटीला उचलता येईल तेवढंच पाळावं."

मालविकाने लाल शेपटीच्या पिल्लाकडे एकदा बघितलं आणि करंगळीचा विळखा आपल्या बोटावर घेतला. ती म्हणाली, "बाबा, हाच."

महिन्याभराने श्रीनाथचा फोन आला. लाल शेपटीच्या पिल्लाने काहीच खाल्लं नव्हतं, ते मेलं होतं. वसंतरावांनी ही गोष्ट स्वतः प्रयोगशाळेत जाऊन सगळ्यांसमोर सांगितली. मालविकाच्या बोआचं नाव वाघ्या पडलं, अंगावर ठिपके असलेल्या देवणी बैलाला वाघ्या म्हणतात, त्यावरून. पुढे परदेशी प्राण्यांची वनखात्याकडे नोंद सुरू झाली, तेव्हा तिने त्याचीही केली. वाघ्या फुसकारायचा थांबला. सुट्टीत तो घरी आला की तिच्या आजी, गोदावरीबाई, त्याच्या पेटीशेजारी बसून भाजी निवडत.

मालविकाने शिक्षण संपवून देवणीला दवाखाना टाकला. गेल्या वर्षी तिच्याकडे धोंडप्पा आले, आता काठी टेकत चालणारे. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, गोऱ्हा निवडायला हाळीला चला." मालविका म्हणाली, "मी जनावर तपासते, काका. निवडायला आमच्या पुनमताई. मला पहिलं जनावर त्यांनीच निवडून दिलं."

"कोण पुनम? ग्यानोबाची?"

धोंडप्पा एसटीने लातूरला आले आणि प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. पुनम बरणी पुसत होती.

"पोरी, हाळीला येतीस का?"

"तुमचा गोऱ्हा मेला होता, काका. माझ्या हातून."

"मेला. आन् मी बाजारात बोललो, ते लई बोललो. चल आता."

पुढच्या बाजाराला ती गेली. तिथे तिने कासरा धरलेल्या माणसाला पहिलं वाक्य कोणतं म्हटलं, हे मला धोंडप्पांनीच येऊन सांगितलं. सांगताना त्यांनी ग्यानोबांसारखी मान वाकडी केली होती. तिने निवडलेला गोऱ्हा आता दोन दातांचा, कामाला लावण्याजोगा झाला आहे, आणि धोंडप्पांची सून त्याला एकटी पाण्यावर नेते.

पुनम अजून वसंतरावांच्या क्लासमध्ये प्रयोगशाळा सांभाळते. बाजाराच्या दिवशी ती सुट्टी घेते आणि सकाळच्या पहिल्या एसटीने हाळीला जाते.