न्गालाख कोण चाखणार?

आमच्या थिएस शहरातल्या गल्लीत तेनिंगमावशी थियाव राहते. सूर्य उगवला असं कुणी सांगितलं तरी ती अंगणात येऊन खात्री करते. शेंगदाणे दळताना गिरणीवाल्याच्या हातांवरून डोळे हलवत नाही. बाओबाबच्या फळाचा गर विकणारीला पिशवी उलटी करायला लावते. चर्चची घंटा वेळेवर वाजते, यावरही तिचा विश्वास नाही.

अशा बाईला दर गुड फ्रायडेला न्गालाख करून गल्लीतल्या मुसलमान घरांत वाटायचं असतं. वाफवलेली बाजरी, शेंगदाणे, बाओबाबचा आंबट गर, साखर, वर जायफळ. आणि स्वतः चाखायचं नाही, कारण ईस्टरपर्यंत तिला गोड वर्ज्य. पोरांना विचारावं, तर साखर असली की त्यांना सगळंच छान. म्हणून चाखायचं काम समोरच्या हामादीमामा वानचं. मामा शिंपी, जमातीने तुकुलोर. मावशी सेरेर. या दोन जमातींत थट्टेचं नातं. भेटल्यावर एकमेकांना गुलाम, खादाड म्हटलं नाही, तर घरात कुणी आजारी आहे का, असं विचारतात.

गेल्या वर्षी मामा चमचाभर खाऊन म्हणाला, "छान झालंय." मावशीने घरोघर वाटलं. ते इतकं आंबट होतं की खाणाऱ्यांचे डोळे मिटले ते मिटलेच. वर सगळ्यांनी तोंड भरून आभार मानले, ते मावशीला जास्त झोंबलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा: या तुकुलोराने मुद्दाम केलं. यंदाही बिघडलं, तर तिच्या हातच्या न्गालाखची वाट पुन्हा कुणी बघणार नव्हतं.

त्यात यंदा गुड फ्रायडे आला नेमका रमजानात.

"मला रोजा आहे," मामा म्हणाला.

"सोयीचा रोजा बरा सापडला."

"वास घेऊन सांगू? नाकाला रोजा नसतो."

"जीभ खोटी निघाली, आता नाक कशाला पुढे करतोस? सूर्य मावळला की पहिली वाटी तू खायची. तोवर एकही वाटी इथून हलणार नाही."

संध्याकाळी घराघरांत खजूर काढून ठेवलेले आणि सगळ्यांच्या नजरा मावशीच्या दाराकडे. अजान झाली. मामाने खजूर खाल्ला, पाणी घेतलं, वाटी उचलली. मावशी समोर स्टूल टाकून त्याच्या गळ्याकडे बघत बसली.

वाटी संपली.

"बोल."

"नीट कळलं नाही. आणखी वाढ."

दुसरीही संपली.

"बोल, तुकुलोरा."

"काय बोलू? गुरांपुढे ठेवलंस तर दावं तोडून पळतील. लोकांना वाटू नकोस, बिचारे मरतील. सगळं पातेलं माझ्याकडे ठेव, मी एकटा सोसतो."

मावशीने स्टूल पुढे सरकवलं. "गेल्या वर्षी छान म्हणालास."

"गेल्या वर्षी तुझा नवरा लातीर वारल्याला महिनाच झाला होता," मामा वाटीचा तळ पुसत म्हणाला. "आंबट लागलं, पण तुला शिवी देववेना."

मावशी उठली. अंगावरच्या कापडाने नाक पुसलं. "पोरांनो, वाट्या उचला. लोक ताटकळलेत." मग मामाच्या हातातली वाटी हिसकावून तिसऱ्यांदा भरली. "गिळ, गुलामा."

आणि तो ती खरंच खातोय की बकरीला घालतोय, हे बघायला दाराआड उभी राहिली.