झिपरीच्या भिंतीवरचे गोल

उंद्रीचे भिकाजी काका माझ्या चिखलीच्या जनावरांच्या दवाखान्यात आले की नमस्कार नंतर. आधी अंगठ्यानं त्यांच्या झिपरी कुत्रीचा ओठ वर करून तिची हिरडी दाखवायचे. "पाहा डाक्टरसाहेब, डाळिंबावानी हाये!" एसटीत कुत्रीला घेत नाहीत, म्हणून सायकलच्या कॅरिअरला भाजीचा क्रेट बांधून त्यात पोतं अंथरून तिला आणत. वांगी बाजारात गेली नाहीत तरी चालेल, झिपरीची तारीख चुकता कामा नये.

झिपरीचं शरीर स्वतःचंच रक्त नासवत होतं. पहिल्यांदा आली तेव्हा हिरडी पांढरीफटक होती. मी सांगितलं, शरीराची लढायची ताकद दाबणाऱ्या गोळ्या रोज द्यायच्या. पण गोळ्यांनी ती जास्तच दाबली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि साध्या जखमेनंही जनावर जातं. म्हणून दर पंधरवड्याला रक्त तपासायचं.

काका विचारात पडले. "म्हंजे राखणदारच चोऱ्या कराले लागला म्हून त्याले बांधून ठेवाचं. पन किती आवळलं, ते पाहत राहाव लागन ना?"

इतकं सोपं करून मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

गोठ्याच्या भिंतीवर ते चुन्यानं खुणा करत. गोळी दिली की रेघ, रक्त तपासलं की गोल. त्यांनीच कौतुकानं सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो.

चौथ्या खेपेला मला शेगावला साखरपुड्याला जायची घाई होती. हिरडी छान लाल होती. म्हणालो, "काका, एवढ्या उन्हात हेलपाटे कशाला? गोळ्या चालू ठेवा, हिरडीचा रंग फोनवर सांगत जा."

"रगत नाही पाहाव लागत?"

"नाही लागत."

त्यांनी हात जोडले. "लय दया केली साहेब."

दया कसली! मला कंटाळा आला होता, आणि त्याला मी दयेचं नाव दिलं. पुढे त्यांचे फोन नेमानं येत. "डाळिंबावानी हाये." मी म्हणे, "वा!"

दीड महिन्यानं फोन आला, "हिरडी लालच हाये, पन झिपरी खाऊन नाही राह्यली. आंग तापलं." मी उंद्रीला गेलो. पंजात काटा मोडून जखम चिघळली होती. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. गोळी थांबवली, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी गोठ्यातच झिपरी गेली.

मी म्हणालो, "नशिबात नव्हतं, काका." या वाक्याची मला अजून लाज वाटते. काका आता नाहीत, आणि माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हा ते चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "लाल मले दिसे, साहेब. पांढरं तुमाले पाहाचं होतं."

मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघितलं. रेघा ओळीनं होत्या, एकही गोळी चुकली नव्हती. सुरुवातीला दर चौदा रेघांनंतर एक गोल. पुढे गोलाच्या ठिकाणी नुसती मोकळी जागा. एक, दोन, तीन, चार.

"ही जागा काऊन सोडली?" मी त्यांच्याच बोलीत विचारून गेलो.

"मले वाटलं, तुमाले आठवन आली त बोलावसान."