भिंतीतला जिना

माझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे, सासर पवनीला. घर विणकरांचे, पण घडीव दगडाचे. आम्हीही विणकरच, मात्र आमचे मोहाडीचे घर मातीचे होते. दर उन्हाळ्यात छपराचे कवेलू फेरायचे, दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपायच्या. लग्नानंतर बाईला पोचवायला गेलो आणि तिच्या ओसरीवर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा सगळे नव्या नवरीकडे पाहत होते आणि मी भिंतींकडे.

पुढे लाखनीला शाळेत शिकवू लागलो. पुस्तके वाचली आणि त्या घराबद्दल बोलायला मला शब्द मिळाले. माजघरातले सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावरची कोरीव कमळे. छताच्या फळ्या एकमेकींत अशा बसवलेल्या की खिळा कुठे दिसत नाही. कोपरापर्यंत हात जाईल इतके खोल कोनाडे. मागाच्या खोलीतली ओलसर दगडी जमीन; कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून ती खोली मुद्दाम उजेडाकडे पाठ करून बांधलेली. शाळेतले सहकारी, कधी नागपूरचे ओळखीचे, यांना मी ते घर दाखवायला घेऊन जायचो. बाई चहा करायची.

शेवटी मी जिना दाखवायचो. तो भिंतीच्या जाडीतच बांधलेला होता. अरुंद, अंधारा, पायऱ्या उंच आणि मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. एका बाजूच्या दगडावर हाताच्या उंचीवर एक काळपट, गुळगुळीत पट्टा वरपर्यंत गेला होता. ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांची झिलई, असे मी सांगायचो. बाई मागे उभी राहून हसायची.

"तू पाहुणा हायेस," ती एकदा म्हणाली. "पाहुण्याले घर चांगलंच दिसते. एक पावसाळा राहून पाह्य, मंग सांग."

त्याच जिन्याने ती सुताच्या कांड्यांची टोपली माडीवरून मागापाशी आणायची. एक हात टोपलीला, एक भिंतीला. मग माग बंद पडले. पण देव माडीवरच होते, वर्षाचे तांदूळही माडीवरच. तिचे जाणे-येणे थांबले नाही. गुडघे मात्र थकले.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने जिन्यात धरायला लोखंडी पाइप आणला. ड्रिल घेऊन माणूस आला आणि भाच्याने मला फोन केला. आमच्यात मामाला विचारल्याशिवाय काही होत नाही, त्यात मी शिकलेला. मी म्हणालो, "त्या दगडाले भोक नको पाडू. एकदा पाडलं का गेलं ते." वर असेही म्हणालो, की दुसरा काही उपाय शोधू. तो उपाय मी शोधला नाही. माणूस परत गेला. पाइप अंगणात दोन खुंट्यांवर टाकला आणि त्यावर धुणे वाळू लागले. पुढच्या भाऊबिजेला मी गेलो, तेव्हा त्यावर बाईचीच लुगडी होती. मी पाहिले आणि जेवायला बसलो.

गेल्या पौषात ती त्या जिन्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. चक्कर आली म्हणून पडली की पाय घसरला, हे कोणालाच सांगता आले नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणले आणि माजघरात खाट टाकली. मी रजा काढून तिथेच राहिलो. पाइपचा विषय ती काढील, या भीतीने मी तिच्याशी इतर सगळे बोलत होतो.

एका दुपारी ती उताणी पडून वर पाहत होती.

"अरे, तुझं छत पाहून राहिली मी," ती म्हणाली. "काम खरंच चांगलं हाय. एवढी वर्षं झाली, मान वर करायले सवडच नाई भेटली."

मीही मान वर केली.

"कमळाच्या पाकळ्या मोजल्या मी. एका खांबाले एक कमी हाय. तुले माहीत होतं?"

मला माहीत नव्हते. ती खुश झाली. "पाह्य मंग! मोठा मास्तर!"

आठ दिवसांनी ती गेली.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भाचा माझ्याजवळ येऊन बसला. आता वर देवाला बाईची सून जाणार होती. तो बराच वेळ चुळबुळ करत राहिला, मग म्हणाला, "मामाजी, तो पाइप लावू का आता? तुमी म्हणाल तसं. आईनं तुमचा शब्द कधी मोडला नाई, आमी बी नाई मोडणार."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

ड्रिलवाला आला. भोके कुठे पाडायची, असे त्याने विचारले. खडू घेऊन मीच जिन्यात शिरलो. इतक्या वर्षांत मी त्या पायऱ्या बोलत-बोलत, कुणाला तरी दाखवत चढलो होतो. आज हातात बॅटरी होती आणि मागे कोणी नव्हते. तो काळपट पट्टा मी जवळून पाहिला. खालच्या पायऱ्यांशी तो एक नव्हताच, दोन होते. वरचा जुना, रुंद, फिकट. त्याच्या वीतभर खाली दुसरा, अरुंद आणि ताजा, अजून तेलकट. जागोजागी त्यात तळव्याचा पुरा ठसा होता. वाकून, दगडाला हात टेकून, ती एक-एक पायरी उतरत होती. पाहुण्यांसमोर मी ज्याला झिलई म्हणत होतो, त्यात हेही होते.

त्या खालच्या पट्ट्यावर मी खडूच्या खुणा केल्या. ड्रिल चालू झाले. दगडाची पांढरी पूड पायऱ्यांच्या खळग्यांत साचली. मी तिथेच उभा राहिलो, कान न झाकता.

पाइप बसला. अंगणात उन्हापावसात राहून तो जागोजागी गंजला होता. भाचा दोन पायऱ्या मागे सरकला आणि नेहमीसारखे त्याने मला विचारले, "बरा दिसते का, मामाजी?"

"दिसण्याचं राहू दे," मी म्हणालो. "सूनबाईले बोलाव. तिच्या हाताले येते का, ते पाह्य."